काझा पियाची ५०७ मुले आणि दाढेतली चांदी

१९ एप्रिल २००६ च्या अंकात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला 'जामा' म्हणतात त्याने, दोन शोधनिबंध एकत्र छापले. एक लिस्बनच्या ५०७ मुलांवरचा होता. दुसरा अमेरिकेतल्या बॉस्टन आणि फार्मिंग्टन इथल्या ५३४ मुलांवरचा. प्रश्न दोन्हींचा एकच होता: किडलेल्या दाढेत पारामिश्रित चांदी भरली, तर मुलांच्या मेंदूवर आणि मज्जातंतूंवर परिणाम होतो का? उत्तरही एकच आले. मोजता येईल असा फरक दिसला नाही.

जवळपास पावणेदोनशे वर्षे चाललेला वाद इथे मिटायला हरकत नव्हती. पण पाचच महिन्यांनी, सप्टेंबर २००६ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हणजे एफडीएने बाहेरच्या तज्ज्ञांची समिती बसवली आणि चांदी निर्धोक असल्याचा स्वतःचा अहवाल तिच्यापुढे ठेवला. समितीने १३ विरुद्ध ७ मतांनी कळवले की हा निष्कर्ष रास्त वाटत नाही.

चाचणी नीट केलेली, निकाल स्वच्छ, आणि तरी तज्ज्ञांचे बहुमत उलट. यावर दंतवैद्य म्हणतात, विरोधकांना विज्ञान कळत नाही. विरोधक म्हणतात, संशोधक विकले गेले. माझ्या मते दोघेही आळस करतात. लिस्बनची चाचणी मुळापासून वाचली की दिसते, तिने एका प्रश्नाचे उत्तर चोख दिले आणि लोक भांडत होते ते शेजारच्या दुसऱ्याच प्रश्नांवर.

पारा तोंडात आला कसा

आपण जिला 'चांदी भरणे' म्हणतो, त्या मिश्रणात निम्म्याच्या आसपास पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबे यांची पूड. पारा आणि पूड घोटली की लोण्यासारखा गोळा होतो, तो दाढेच्या पोकळीत ठासून भरतात आणि तो हळूहळू घट्ट होतो. स्वस्त, टिकाऊ, आणि थुंकीचा ओलावा लागला तरी फारसे न बिघडणारे साहित्य. दंतवैद्याला दुसरे काय हवे?

अमेरिकेत हे मिश्रण १८३३ मध्ये क्रॉकूर नावाच्या भावांनी न्यू यॉर्कला आणले. नाव दिले होते राजेशाही थाटाचे, 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम'. त्यांचे काम गचाळ होते आणि दावे अवाच्या सवा. सोन्याचा वर्ख ठोकून दात भरणारे प्रतिष्ठित दंतवैद्य खवळले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने पुढे सदस्यांकडून पारा न वापरण्याची प्रतिज्ञाच लिहून घ्यायला सुरुवात केली आणि न देणाऱ्यांना बाहेर काढले. आरोग्याची काळजी होतीच, पण सोन्याच्या धंद्याचीही होती. दोन्ही कारणे एकाच तोंडून बोलत असल्यामुळे कुठले किती हे आज वेगळे करता येत नाही. १८५६ पर्यंत ती संघटना मोडली. चांदी टिकली. १८९० च्या दशकात जी. व्ही. ब्लॅक यांनी मिश्रणाचे प्रमाण बसवून दिले आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे दंतवैद्यांनी मान वर करून पाहिले नाही.

मधे १९२६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी एक निबंध लिहिला होता. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने ते स्वतः वर्षानुवर्षे आजारी पडत होते, आणि दातातल्या चांदीवरही त्यांनी बोट ठेवले. गाजावाजा झाला, पण धंदा थांबला नाही.

दातात घट्ट बसलेला पारा बाहेर पडत नाही, अशी दंतवैद्यांची फार काळ समजूत होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी ती ढासळली. चघळले, दात खाल्ले, गरम काही प्यायले की चांदीतून पाऱ्याची वाफ सुटते, हे उपकरणांनी दाखवले. श्वासातून आत गेलेल्या या वाफेपैकी सुमारे ८० टक्के फुप्फुसांत शोषली जाते. १९८९ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या संशोधकांनी मेंढीच्या दातांत किरणोत्सारी पारा भरला आणि महिनाभरात तो जबडा, आतडी, यकृत आणि मूत्रपिंडांत सापडला. टीकाकारांनी लगेच विचारले, मेंढी दिवसभर रवंथ करते, माणूस करतो का? रास्त प्रश्न होता. पण १९९० च्या डिसेंबरात सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमाने विषय घरोघरी पोचवला, तेव्हा रवंथाबद्दल कोणी विचारले नाही. लोक दातातली चांदी काढून घ्यायला निघाले.

आता 'वाफ सुटते का' हा मुद्दा उरला नव्हता. सुटणाऱ्या एवढ्याशा वाफेने काही होते का, हे हवे होते. ते कळायला एकच सरळ वाट होती: ज्यांच्या तोंडात चांदी कधी गेलेलीच नाही अशी मुले घ्यायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चांदी आणि निम्म्यांना पांढरे कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे बिनपाऱ्याचे साहित्य भरायचे, आणि वर्षानुवर्षे मागोवा घ्यायचा. अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या दंतविभागाने अशा दोन चाचण्यांना पैसा दिला. एक न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टन आणि फार्मिंग्टन ज्या भागात येतात तिथे, आणि एक पोर्तुगालमध्ये.

लिस्बनच का

काझा पिया ही लिस्बनची जुनी संस्था. १७५५ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले, रस्त्यावर बेवारस मुले वाढली. १७८० मध्ये पोलीसप्रमुख पिना मनीक यांनी ती काढली. पुढे ती बेलें भागातल्या जेरोनिमुस मठात हलली आणि विसाव्या शतकापर्यंत शाळा-वसतिगृहांचे मोठे जाळे झाली. तिथली सगळीच मुले अनाथ नव्हती. बरीचशी गरीब घरांतली होती, दिवसा शाळेत येऊन संध्याकाळी घरी जाणारी. विरोधकांच्या लिखाणात मात्र 'अनाथांवर प्रयोग' हाच शब्दप्रयोग आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

संशोधकांना इथे तीन गोष्टी एकत्र मिळाल्या. मुलांच्या दाढांत कीड भरपूर, पण उपचार जवळपास झालेलेच नाहीत. त्यामुळे आधीच्या चांदीचा हिशेब वजा करावा लागणार नव्हता. मुले संस्थेत वर्षानुवर्षे राहणार किंवा शिकणार, म्हणजे पाठपुरावा शक्य. आणि पोर्तुगालमध्ये तेव्हा दाढ भरायची म्हणजे चांदीच भरायची हा रिवाज होता, म्हणून चांदीच्या गटातल्या मुलाला एरवी मिळाले असते तेच मिळत होते. या तिसऱ्या मुद्द्यामुळे चाचणी नैतिकदृष्ट्या उभी राहते. 'जे आपल्या मुलांवर करणार नाही ते गरिबांच्या मुलांवर केले' हा आरोपही टिकत नाही, कारण तसलीच चाचणी त्याच वेळी बॉस्टनमध्ये चालू होती.

पण एक अस्वस्थता राहतेच. ज्या मुलाचा पालक ही एक संस्था आहे, त्याच्या वतीने 'हो' कोण म्हणतो आणि किती मोकळेपणाने? २००२ च्या नोव्हेंबरात काझा पियातल्या मुलांवर अनेक वर्षे लैंगिक अत्याचार होत असल्याचे पोर्तुगीज वर्तमानपत्रांनी उघड केले. देश हादरला, खटला वर्षानुवर्षे चालला, २०१० मध्ये शिक्षा झाल्या. दातांच्या चाचणीचा या गुन्ह्यांशी संबंध नव्हता. तरीही चाचणी त्या वर्षी चालूच होती, आणि जी संस्था मुलांचे रक्षण करते असे सगळ्यांनी गृहीत धरले होते ती करत नव्हती, हे त्याच काळात समोर आले. संमतीपत्रांच्या कपाटाकडे यानंतर कोणी वेगळ्या नजरेने पाहिले, तर त्याला संशयी म्हणून उडवून लावू नये.

कोण आत, कोण बाहेर

वॉशिंग्टन विद्यापीठाचे टिमोथी डीरुएन या चाचणीचे प्रमुख, आणि लिस्बन विद्यापीठाचे दंतवैद्य व मज्जातज्ज्ञ त्यांचे भागीदार. १९९७-९८ मध्ये ८ ते १० वर्षांची मुले निवडली. कायमच्या किमान एका दाताला कीड हवी, पूर्वी चांदी कधी भरलेली नको. लघवीत पारा लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, रक्तात शिसे डेसिलिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. शब्दांवर न विसंबणाऱ्या बुद्धिचाचणीत किमान ६७. आणि निकालात लुडबुड करील असा दुसरा कुठलाही आजार नको.

ही यादी नीट वाचावी, कारण पुढचे सगळे भांडण तिच्यातच दडलेले आहे. यातली प्रत्येक अट शास्त्राला धरून आहे. आधीच शिसे अंगात असलेले मूल घेतले तर मंदपणा शिशाचा की पाऱ्याचा, हे कसे सांगणार? म्हणून ते बाहेर. मज्जासंस्थेचा आजार असलेले मूल बाहेर. अगदी लहान मूल बाहेर, कारण त्याच्या चाचण्या भरवशाच्या नसतात. गर्भातले बाळ तर बाहेरच. चाळणी जितकी बारीक, तितका निकाल स्वच्छ. आणि तितकाच तो फक्त चाळणीतून गेलेल्यांपुरता.

चिठ्ठ्या टाकून २५३ मुले चांदीच्या आणि २५४ कॉम्पोझिटच्या गटात गेली. चांदीच्या गटातही ती फक्त मागच्या दातांत. सात वर्षे दरवर्षी त्यांची स्मरणशक्ती, अवधान, हात आणि डोळ्यांचा मेळ तपासला आणि मज्जातंतूंतून संदेश जाण्याचा वेग मोजला. पाऱ्याच्या वाफेत काम करणाऱ्या कामगारांमध्ये हात थरथरणे, चिडचिड, विसरभोळेपणा हीच लक्षणे शतकभर नोंदली गेली होती, म्हणून मोजमापे ही. लघवीतला पाराही सतत तपासला.

या मुलांची तोंडे किती किडलेली होती याची कल्पना एका आकड्याने येते. चांदीच्या गटात दर मुलामागे सरासरी १८.७ दंतपृष्ठभाग भरले गेले, कॉम्पोझिटच्या गटात २१.३. एका दाढेचे पाच पृष्ठभाग धरले तरी हे खूप आहे. म्हणजे पाऱ्याचा डोस नाममात्र होता असे कोणी म्हणू शकत नाही. नेहमीच्या मुलाच्या तोंडात इतकी चांदी जातच नाही.

सात वर्षांनी

सुरुवातीला दोन्ही गटांच्या लघवीत पारा सारखाच होता, क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे १.८ आणि १.९ मायक्रोग्रॅम. (क्रिएटिनिन हा लघवीतून नेमाने बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. लघवी पातळ की दाट, याचा फरक पडू नये म्हणून त्याच्या मापात मोजतात.) चांदी भरल्यावर त्या गटाचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा १.० ते १.५ मायक्रोग्रॅमने वर गेला. दुसऱ्या वर्षी तो सर्वांत उंच होता, मग उतरत गेला. तेव्हा चांदीतून पारा शरीरात जातो, याबद्दल शंका उरली नाही. ती कधीच उरायला नको होती. तुलनेसाठी सांगायचे तर पाऱ्याशी काम करणाऱ्या प्रौढ कामगारांसाठी अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी त्या काळात सुचवलेली पातळी दर ग्रॅम क्रिएटिनिनला ३५ मायक्रोग्रॅम होती. धडधाकट कामगाराचे माप मुलाला लावणे बरोबर नाही, पण अंतर किती ते त्यातून दिसते.

स्मृती, अवधान, हालचाली, मज्जातंतूंचा वेग: सातही वर्षांत दोन गटांत सांख्यिकीला दखल घ्यावी लागेल असा फरक नाही. न्यू इंग्लंडमध्ये डेव्हिड बेलिंजर आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांनी बुद्ध्यंक मोजला. चांदीच्या गटात तो ३.१ ने वाढला होता, कॉम्पोझिटच्या गटात २.१ ने. या एका गुणाला अर्थ नाही. पण असलाच, तर तो चांदीच्या विरोधात जात नव्हता.

दुसरा निकाल दंतवैद्यांनी अधोरेखित केला आणि बाकीच्यांनी वाचलाच नाही. पाच वर्षांनंतर लिस्बनमध्ये कॉम्पोझिटच्या गटातल्या मुलांना पुन्हा उपचार लागण्याचे प्रमाण सुमारे ५० टक्के जास्त होते. २००७ मध्ये लिस्बनच्या चमूने १,७४८ भरावांचा हिशेब मांडला. सात वर्षांनी चांदीचे ९४.४ टक्के भराव शाबूत होते, कॉम्पोझिटचे ८५.५ टक्के. भरावाच्या कडेने पुन्हा कीड शिरण्याचा धोका कॉम्पोझिटमध्ये साडेतीन पट.

कारण कुठल्याही दंतवैद्याला ठाऊक आहे. कॉम्पोझिट भरताना दाढ पूर्ण कोरडी हवी. आम्ल लावायचे, धुवायचे, सुकवायचे, बाँडिंग लावायचे, थर थर भरायचे, प्रत्येक थरावर निळा दिवा धरायचा. खुर्चीत चुळबुळ करणाऱ्या आठ वर्षांच्या पोराच्या शेवटच्या दाढेत हे सगळे थुंकीचा थेंब न लागता करायचे. चांदी असल्या गैरसोयी पोटात घालते.

त्या अंकातला तिसरा आवाज

त्याच अंकात संपादकीय लिहिण्यासाठी जामाने हर्बर्ट नीडलमन यांना निवडले. निवड विचार करून केलेली होती. नीडलमन यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या गळून पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजून दाखवले होते की बाहेरून निरोगी दिसणाऱ्या मुलांच्याही बुद्धीवर त्याचा परिणाम होतो. २००६ पर्यंत शिशाच्या 'सुरक्षित' पातळ्या एकामागून एक खाली आल्या होत्या. असा माणूस 'फरक दिसला नाही' या वाक्यावर लगेच विसावणार नव्हता. त्यांचा सूर सावधगिरीचा होता.

मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असे होत नाही. शंभरातल्या पाच मुलांवर पाऱ्याचा परिणाम होत असेल आणि पंचाण्णवांवर अजिबात नसेल, तर गटाची सरासरी जेमतेम हलते. अडीचशे मुलांच्या सरासरीत असे बारा-तेरा जण बुडून जातात. आणि ते कोण, हे आधी माहीत नसेल, तर त्यांना शोधणार कसे?

तीच माहिती, पुन्हा

शोधायचा प्रयत्न झाला, आणि तो चाचणीच्याच चमूने केला. जेम्स वूड्स हे विषशास्त्रज्ञ मूळ निबंधाच्या लेखकांपैकी. त्यांना लघवीच्या नोंदींत आधीच एक गोष्ट दिसली होती: सारखीच चांदी भरली असताना मुलींच्या लघवीतून मुलग्यांपेक्षा जास्त पारा बाहेर पडतो. जो बाहेर पडत नाही तो कुठे राहतो, हा प्रश्न ओघानेच आला. मग वूड्स यांनी चाचणीतल्या ३३० मुलांची जनुके तपासली. सीपॉक्स-४ या जनुकीय प्रकारावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, हा प्रकार असलेल्या मुलग्यांमध्ये पाऱ्याची पातळी वाढेल तशी अनेक चाचण्यांतली कामगिरी खालावत होती. मुलींमध्ये असे फारसे आढळले नाही.

हे वाचून लगेच निष्कर्ष काढणाऱ्यांना थोडे थांबवावे लागेल. चाचणी आखताना हा प्रश्न नव्हता. जनुके आणि मेंदूच्या चाचण्या यांच्या इतक्या जोड्या तपासल्या की काही जोड्या निव्वळ योगायोगानेही चमकतात. जनुकीय प्रकार असलेल्या मुलग्यांची संख्या लहान आहे. दुसऱ्या देशातल्या मुलांवर असेच दिसेपर्यंत हा सुगावा आहे, पुरावा नव्हे. पण तो सुगावा विरोधकांनी आणलेला नाही. तो घरातूनच आला, म्हणून त्याला वजन आहे.

बाहेरच्यांनीही माहिती पुन्हा चाळली. एका गटाने मूत्रपिंडाच्या निर्देशकांमध्ये चांदीच्या डोसानुसार वाढ दिसल्याचे लिहिले. त्या गटातले मार्क गायर यांचा वैद्यकीय परवाना ऑटिझमग्रस्त मुलांवर केलेल्या उपचारांमुळे मेरीलँड राज्याने आधी निलंबित आणि मग रद्द केला. त्यामुळे आकडे आपोआप खोटे ठरत नाहीत. मी मात्र त्यावर इमारत उभारणार नाही.

पांढऱ्याची पारख कोणी केली?

सगळे डोळे चांदीवर होते. ज्याच्याशी तुलना चालली होती ते कॉम्पोझिट निरुपद्रवी, असे दोन्ही चाचण्यांनी मुकाट्याने धरले होते. कॉम्पोझिट म्हणजे प्लॅस्टिकसदृश रेझिन आणि काचेची पूड. बऱ्याच प्रकारांतले रेझिन बिस्फेनॉल-ए या प्लॅस्टिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या, संप्रेरकांसारखे वागू शकणाऱ्या रसायनापासून बनवलेले असते.

२०१२ मध्ये न्यू इंग्लंड चाचणीची माहिती या बाजूने तपासली गेली. बिस्फेनॉल-ए वर आधारलेले कॉम्पोझिट ज्यांच्या तोंडात जास्त आणि जास्त काळ होते, त्या मुलांचे वागणे आणि भावनिक जुळवून घेणे यांतले गुण किंचित वाईट निघाले. चांदीच्या बाबतीत तसे दिसले नाही. परिणाम लहान होता, आणि योगायोगाची जी शंका वूड्स यांच्या निबंधावर घेतली तीच इथेही घ्यायला हवी. ज्यांना सीपॉक्स-४ पटतो पण हा निबंध पटत नाही, किंवा उलट, त्यांनी स्वतःला विचारावे की आपण कशाच्या आधारावर निवड करतो आहोत.

निर्णय घेणाऱ्यांनी काय वाचले

२००८ मध्ये एका खटल्याच्या तडजोडीत एफडीएने चांदीचे वर्गीकरण एका मुदतीत पूर्ण करण्याचे कबूल केले. २००९ मध्ये ते झाले. प्रौढांसाठी आणि ६ वर्षांवरील मुलांसाठी ती सुरक्षित मानली गेली. हे सहा वर्षे कुठून आले? न्यू इंग्लंड चाचणीतले सर्वांत लहान मूल सहा वर्षांचे होते. पुरावा जिथपर्यंत, आश्वासन तिथपर्यंत. प्रशासनाने असे काटेकोर वागावे, हे मला आवडते.

२४ सप्टेंबर २०२० रोजी एफडीएने पुढचे पाऊल टाकले. चांदीवर बंदी नाही, पण काहींनी शक्यतो टाळावी: गरोदर स्त्रिया, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या, मुले, त्यातही सहाच्या आतली, मज्जासंस्थेचे आजार असलेले, मूत्रपिंडे कमजोर असलेले, पाऱ्याची ॲलर्जी असलेले. ही यादी काझा पियाच्या निवडअटींशेजारी ठेवून पाहा. ८ ते १० च्या वयोगटाचा अपवाद सोडला, तर लिस्बनच्या चाळणीने ज्यांना बाहेर ठेवले होते, जवळजवळ तेच लोक या यादीत आहेत. चांदीने त्यांना अपाय होतो हे कोणी सिद्ध केलेले नाही. त्यांना होत नाही, हे सांगण्याची सोयच कोणी ठेवली नव्हती.

युरोपने वेगळी वाट धरली. तिथल्या आयोगाच्या शास्त्रीय समितीने २०१५ मध्येही सर्वसाधारण लोकांसाठी चांदी आणि पर्यायी साहित्य दोन्ही सुरक्षित मानले. पण दवाखान्याच्या गटारातून आणि दहनभट्ट्यांच्या धुराड्यातून पारा बाहेर जातो. युरोपीय संघात वर्षाला सुमारे ४० टन पारा दातांसाठी लागत होता. इतर उद्योगांतला वापर घटत गेल्यावर दात हाच त्याचा सर्वांत मोठा उरलेला उपयोग ठरला. २०१३ मध्ये जपानच्या कुमामोतो इथे स्वीकारलेल्या मिनामाता कराराने पारा वापरणाऱ्या कितीतरी वस्तू बंद करायच्या तारखा ठरवल्या, दातांची चांदी तेवढी 'टप्प्याटप्प्याने कमी करा' या खात्यात टाकली. भारताने तो करार २०१८ मध्ये मान्य केला. करारातल्या देशांनी २०२२ मध्ये बालीच्या बैठकीत १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी नियम आणखी आवळला. युरोपात हा नियम १ जुलै २०१८ पासूनच होता, आणि १ जानेवारी २०२५ पासून अगदी आवश्यक वैद्यकीय गरज सोडून चांदी भरणेच बंद झाले.

म्हणजे ज्या वयाच्या मुलांसाठी जगातला सर्वांत भक्कम दिलासा लिस्बनने दिला, त्याच वयाच्या मुलांच्या दाढेत आज लिस्बनमध्ये चांदी भरता येत नाही. चाचणी खोटी ठरली म्हणून असे झालेले नाही. नियम करणाऱ्यांनी तिचा विषय बाजूला ठेवला आणि नदीतल्या माशांचा हिशेब मांडला. चांदीचे विरोधक याला आपला विजय म्हणतात. पण कराराला ज्या जपानी गावाचे नाव दिले, त्या मिनामातातली माणसे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या मिथाइल पाऱ्याने मेली, दातातल्या वाफेने नव्हे. दोन्ही रसायने एकाच धातूची असली तरी शरीरात शिरण्याच्या वाटा आणि मात्रा वेगळ्या. हा घोळ बंदीच्या बाजूने बोलणारे करतात, आणि बंदी योग्य असली तरी घोळ हा घोळच.

ज्यांच्या दाढेत ती आधीच आहे

चाळिशी उलटलेल्या बऱ्याच मराठी वाचकांच्या तोंडात एक-दोन तरी चांदीच्या दाढा असतील. लिस्बनच्या आकड्यांतून त्यांच्या कामाची गोष्ट एवढी: लघवीतला पारा भरावानंतरच्या दुसऱ्या वर्षी सर्वांत जास्त होता आणि पुढे उतरला. पंचवीस वर्षांपूर्वी भरलेली, न खुपणारी, कडा शाबूत असलेली दाढ उकरायला लावली, तर फिरत्या ड्रिलखाली वाफेचा नवा झोत उठतो आणि सोबत चांगल्या दाताचा तुकडाही जातो. एफडीएने २०२० मध्ये जोखमीच्या यादीतल्या लोकांनाही हेच सांगितले: चांगल्या अवस्थेतली चांदी वैद्यकीय कारणाशिवाय काढू नका.

तुटलेली किंवा कडेने कीड शिरलेली चांदी बदलावीच लागते. तेव्हा दाढेभोवती रबर डॅम म्हणजे रबराचा पडदा, पाण्याचा भरपूर फवारा आणि जोराचे सक्शन लावून, भराव मोठ्या तुकड्यांत काढून घ्यावा. तो कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये जातो का, हेही विचारायला हरकत नाही. गरोदरपणात असे काम आले आणि थांबणे शक्य असेल, तर थांबावे. थांबणे शक्य नसेल, दाढ दुखते आहे, पू झाला आहे, तर पाऱ्याच्या भीतीने पू तसाच ठेवू नये.